चार-एक-सात समजूतदार आहेत

मंगळवारी अकराला दहा कमी असताना त्याने फाईल क्रमांक चार-एक-सातला फोन लावला आणि टेबलाच्या काचेखालचं वाक्य वाचून दाखवलं. वाक्य पाठ होतं, तरी तो ते वाचूनच म्हणायचा. वाचलं की ते रुग्णालयाचं राहतं, पाठ म्हटलं की आपलं होऊन बसतं. "नमस्कार. चार-एक-सात बोलताय का? सध्याच्या साथीमुळे आपली ठरलेली शस्त्रक्रिया पुढील सूचनेपर्यंत पुढे ढकलण्यात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." पलीकडे कसलंसं चाक घरघरत होतं. फोन उचलणाऱ्याने ते बंद केलं असावं, पण ते लगेच थांबलं नाही. आवाज बारीक होत, पायरी पायरीने खाली उतरत, म्हाताऱ्या माणसाने खुर्चीत बसता बसता उसासा सोडावा तसा विझला. मग तो माणूस म्हणाला, "हो, हो. काही हरकत नाही साहेब. तुमच्याही अडचणी असतील." त्याने सवयीने पेन्सिल उचलली आणि यादीत चार-एक-सातच्या पुढे ठिपका दिला. तिथे आधीच एक ठिपका होता. पलीकडे फोन नीट ठेवला गेला नव्हता. बाईमाणसाचा आवाज आला, "कोण होतं?" "दवाखाना. ढकललं पुढे." "परत?" आणि मग खट्ट.

तो "परत?" त्याच्या ओळखीचा होता. दादाच्या घरून निघून जिन्याच्या तळाशी पोचल्यावर छत्री विसरली म्हणून वर आलं, की वहिनी दार उघडून असंच म्हणायची. त्यात राग नव्हता, आश्चर्य नव्हतं. जगाकडून याहून वेगळं काही अपेक्षितच नाही, अशा माणसाने घेतलेली ती नुसती नोंद असायची. तीस वर्षं तो वहिनीकडे छत्र्या विसरत आला होता. आता तो रिसीव्हर हातात धरून बसला आणि स्वतःला समजावू लागला, की 'परत' हा शब्द काही वहिनीच्या मालकीचा नाही, या शहरात निदान लाखभर बायका दिवसातून दहा वेळा तो म्हणत असतील. हे पटण्यासारखं होतं. पण चाकाचं काय करायचं? काचा घासायचं चाक. दादा पंचेचाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासत होता, आणि साथीत दुकान बंद झाल्यावर मालकाला सांगून एक चाक त्याने घरी, मागच्या बाल्कनीत आणून ठेवलं होतं. बटण बंद केल्यापासून ते चाक पूर्ण थांबायला वीस सेकंद लागतात. हे त्याला नऊ वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं, कारण तेवढ्या वेळात बोट लावायचं नाही अशी सक्त ताकीद होती, आणि ताकीद असल्यामुळे तो ते सेकंद मोजत उभा राहायचा.

चष्म्यावर वाफ आली होती. मास्क लावल्यापासून यादी त्याला दर श्वासाला दिसायची आणि दर श्वासाला नाहीशी व्हायची. त्याने चष्मा काढून पुसला. तोही दादानेच घासलेला.

रुग्णालयात त्याला यादीवाले म्हणत. सर्जनपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियांची यादी लावणं, म्हणजे कोणाला कोणत्या दिवशी कोणत्या थिएटरात घ्यायचं ते जुळवणं आणि तसे फोन करणं, हे त्याचं एकवीस वर्षांचं काम. साथीच्या आधी सहा थिएटरं होती. आता दोन उरली होती. भूलतज्ज्ञ आणि श्वासाची यंत्रं समोरच्या इमारतीत गेली होती, आणि चार नंबरच्या थिएटरात जास्तीच्या खाटा उभ्या करून ठेवल्या होत्या, लग्न मोडल्यावर मांडवातल्या खुर्च्या ठेवतात तशा. यादीत नावं नसत, नुसता क्रमांक, वय, अवयव आणि फोन. ही सुधारणा त्याचीच. पूर्वी जो तो यायचा, हे आमचे साडू, ह्या आमच्या मामेबहिणीच्या जाऊबाई, जरा वर सरकवा. त्याने वैतागून सूचनापेटीत चिठ्ठी टाकली, की यादीत नावंच नकोत, म्हणजे वशिल्याचं मूळच उपटेल. सूचना मंजूर झाली आणि त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. ते खुर्चीमागे भिंतीवर होतं, म्हणजे त्याला सोडून सगळ्यांना दिसायचं.

राहता राहिला ठिपका. तो मात्र कोणी मंजूर केलेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी त्याने तो सुरू केला तेव्हा हेतू चांगलाच होता. ऐनवेळी कोणाला ताप यायचा, कोणी घाबरून यायचंच नाही, थिएटर रिकामं पडायचं. अशा वेळी "उद्या सकाळी सातला या" म्हटल्यावर काचकूच न करता येणारे लोक कोण, हे लक्षात राहावं म्हणून तो त्यांच्या क्रमांकापुढे पेन्सिलीने ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे समजूतदार. समजूतदार माणसाचा नंबर त्यामुळे लवकर लागायचा. मग साथ आली. सोमवारच्या बैठकीत मोठे डॉक्टर पडद्यावर दिसू लागले आणि त्यांनी यादीचे तीन भाग केले: 'आत्ता', 'चार आठवडे चालेल' आणि 'बघू'. भागांच्या आत कोण आधी, कोण नंतर, हे कोणीच सांगितलं नाही. त्याने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ते तुम्ही बघा हो. तुम्हाला कळतं." आणि त्याने बघितलं. ज्यांना नाही म्हटल्यावर ते फाटकाशी येऊन उभे राहायचे, वर्तमानपत्राची धमकी द्यायचे, रडायचे, त्यांना सांगण्यापेक्षा ठिपक्याच्या माणसांना सांगणं सोपं होतं. मऊ लागलं म्हणून कोपराने खणणं, असं त्याला कोणी म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. त्याच्या दृष्टीने तो फक्त जे फोन लवकर संपतात ते आधी करत होता. असा तो ठिपका उलटा फिरला, आणि कधी फिरला ते फिरवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

म्हणजे सात आठवड्यांपूर्वीही आपणच फोन केला होता. पहिला ठिपका आपलाच. तेव्हा दादा काय म्हणाला होता? ते आठवेना, कारण काही अडलं नव्हतं, आणि न अडलेलं लक्षात राहत नाही. त्याने आपला आवाज ओळखला नसेल का? मास्क होता, कामाचा सूर होता. आपणही कुठे त्याचा ओळखला? त्याचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये 'दादा' या शब्दाखाली गाडलेला. आकड्यांशी आपला संबंधच नाही. पण दर रविवारी दादाचा फोन यायचा. पोट जरा बिघडलंय, एवढं एकदा म्हणाला होता. आणि त्यानंतरच्याच की काय एका रविवारी त्याने विचारलं होतं, "काम फार आहे का रे? लोक ओरडत असतील तुझ्यावर." "काही ओरडतात. काही समजूतदार असतात." "समजूतदार बरे, नाही का?" "त्यांच्यावरच तर गाडा चाललाय," असं आपण म्हणालो होतो, आणि दादा हसला होता. आता त्या हसण्याचं काय करायचं ते त्याला कळेना. ते साधं हसणं होतं, की त्या हसण्यात सगळं होतं? दिवसभर त्याने ते हसणं आतल्या आत पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं. दर वेळी ते वेगळं ऐकू आलं.

बुधवारी सकाळी तो रेकॉर्डच्या खोलीत गेला. रेकॉर्डच्या बाई दोन मास्क लावून, वर प्लास्टिकचा पडदा धरून बसल्या होत्या.

"चार-एक-सातची फाईल बघायची होती."

"कशाला?"

"नाव बघायचंय."

"यादीवाले," बाई म्हणाल्या, "मागच्या महिन्यात माझ्या नणंदेचा क्रमांक सांगितला तर तुम्ही मला नियमांचा कागद दाखवलात. नियम तीन, पोटनियम दोन, ओळख काढायची नाही."

"दाखवला होता."

"तोंडावर दाखवला होता."

"हो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कपाळ आणि वाफाळलेला चष्मा एवढाच त्याचा चेहरा त्यांना दिसत होता, पण तेवढ्यात जे दिसायचं ते दिसलं असावं. उठून त्यांनी फाईल काढली, टेबलावर ठेवली, म्हणाल्या, "मी हात धुऊन येते," आणि गेल्या. पहिल्याच पानावर दादाचं अक्षर होतं. चिठ्ठ्यांवर चष्म्यांचे नंबर लिहून लिहून बारीक झालेलं, एकाही अक्षराने दुसऱ्याच्या जागेत पाय न पसरणारं. वय एकसष्ट. अवयव, मोठं आतडं. नोंदणी अकरा आठवड्यांपूर्वीची. आणि खाली छापील प्रश्न: 'या रुग्णालयात आपले कोणी नातेवाईक नोकरीस आहेत काय?' त्यापुढे दादाने लिहिलं होतं, 'नाही'. हा भिडस्तपणा होता की राग? धाकट्याला अडचणीत टाकायचं नाही म्हणून 'नाही', की एकवीस वर्षांत ज्याने साधं 'आमच्याकडे एकदा पोट दाखवून जा' म्हटलं नाही, तो नातेवाईक कसला, म्हणून 'नाही'? अक्षर दोन्ही अर्थांना सारखंच नीटनेटकं होतं.

नऊ वर्षांचा असताना त्याला फळ्यावरचं दिसेना. दादा तेव्हा सोळाचा, शाळा सोडून दुकानात नुकता लागलेला. घरात दोघांपैकी एकालाच शिकवता येईल असं ठरलं तेव्हाही दादा 'काही हरकत नाही' म्हणाला होता म्हणे, पण ते त्याने ऐकलेलं, पाहिलेलं नव्हतं. पाहिलेलं हे, की दुपारी मालक जेवायला गेल्यावर दादाने त्याला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली आणि काचा बदलत विचारायला लागला, "हे बरं, की ते?" भिंतीवरची अक्षरं दोन्ही वेळा सारखीच वाटायची. "हे बरं, की ते? आधीचं बरं की आत्ताचं?" त्याला वाटलं, आपण चुकीचं सांगतोय म्हणून हा सारखं विचारतोय. दादाचे डोळे काचेच्या भुकटीने लाल झाले होते, तो उभ्याने पायांची अदलाबदल करत होता. हे लवकर संपावं म्हणून तो म्हणाला, "ते." "नक्की?" "नक्की." दादाने रात्रपाळीसारखं खपून आपल्या हाताने पहिला चष्मा घासला. वर्षभर त्याचं डोकं दुखत राहिलं. तो बोलला नाही, कारण दादाने एवढ्या कौतुकाने केलेला. पुढल्या वर्षी मालकाने तपासलं तेव्हा कळलं, नंबर सपशेल चुकलेला. दादा म्हणाला, "सांगायचंस ना रे." एवढंच. म्हणजे समजूतदारपणा काही एकट्या दादाकडेच होता असं नाही, तो घराण्यातच होता, आणि त्याने डोकं दुखतं हे तेव्हापासून सिद्ध झालेलं होतं.

दुपारी एकला प्रयोगशाळेचा कागद आला. शुक्रवारी बाराच्या तीन-शून्य-नऊची साथीची तपासणी पॉझिटिव्ह निघाली होती. शुक्रवारची बाराची जागा मोकळी. 'चार आठवडे चालेल' या भागात वर दोन क्रमांक होते. चार-एक-सात, अकरा आठवडे थांबलेला. आणि चार-दोन-दोन, स्त्री, वय अडतीस, जिभेची कड, नऊ आठवडे. ह्या बाई शाळेत शिकवायच्या, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात रोज चार वाजता त्याला फोन करून ओरडायच्या. त्यांच्या क्रमांकापुढे ठिपका असण्याचा प्रश्नच नव्हता. पण गेल्या शनिवारी समोरच्या इमारतीकडे जाता जाता मोठ्या डॉक्टरांनी तिथे पेनने लिहिलं होतं: 'वाढतंय?' त्याने समोरच्या इमारतीत फोन लावला. डॉक्टर आता तिथे साथीच्या रुग्णांकडे बघत. अंगावर तो सगळा पोशाख असल्याने त्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"सर, 'चार आठवडे चालेल' म्हणजे चारनंतर काय?"

"चारनंतर… हे बघा, तेव्हा चार वाटले होते. चालेल हा काही वैद्यकीय शब्द नाही, यादीवाले. काहीतरी लिहायला हवं होतं."

"शुक्रवारी एक जागा मोकळी झालीय. वर चार-एक-सात आणि चार-दोन-दोन आहेत, आणि चार-दोन-दोनपुढे तुम्ही प्रश्नचिन्ह केलंय."

"स्कॅन केल्याशिवाय कसं सांगू? मशीन दिवसभर फुफ्फुसं बघतंय. वाढत असेल तर ती आधी. नसेल तर तो आधी. दोघांनाही मी आत्ता घेतलं असतं, खरं म्हणजे दोन महिन्यांपूर्वी घेतलं असतं."

"मग शुक्रवारी कोण?"

"तुम्ही बघा हो."

"सर, चार-एक-सात माझे—"

"नाव सांगू नका," डॉक्टर घाईने म्हणाले. "तुमचाच नियम. माझ्याकडे आत्ता एवढी एकच गोष्ट स्वच्छ आहे, तेवढी राहू द्या."

फोन ठेवल्यावर तो खिडकीशी गेला. फाटकाजवळच्या फरशीवर माणसांनी अंतर ठेवून उभं राहावं म्हणून पिवळी वर्तुळं रंगवली होती. एकाही वर्तुळात कोणी नव्हतं. त्याने हिशेब मांडायचा प्रयत्न केला. दादा जास्त थांबलाय, म्हणजे दादा. पण जास्त थांबलाय तो आपण थांबवल्यामुळे. आपलीच चूक आपल्याच घराच्या फायद्याची कशी? ठिपक्याचा मूळ नियम लावला तर ऐनवेळी येणारा माणूस घ्यायचा, म्हणजे पुन्हा दादाच. आणि भाऊ असल्यामुळे घ्यायचं नाही असं ठरवलं, तर भाऊ नसता तर घेतलाच असता, मग भाऊ असल्याची शिक्षा त्याला का? प्रत्येक वाटेने गेलं की वाट बरोबर वाटायची आणि शेवटी दादाच्या बाल्कनीत पोचायची. एवढं बरोबर असलेलं काही खरं असेल, यावर त्याचा विश्वास बसेना. मग त्याला एक युक्ती सुचली, आणि आपल्याला सुचलेली ही सर्वांत नीच गोष्ट आहे हे कळायला त्याला पुढचे दोन तास लागले. दादाला जागा देऊ करायची आणि रांगेत आणखी एक बाई आहेत हेही सांगायचं. दादा म्हणेल, काही हरकत नाही, त्यांना घ्या. तो तसंच म्हणतो. मग आपण दिलीही, आणि घेतलीही नाही.

तीन वाजता त्याने फोन लावला. चाक विझत गेलं. त्याने काचेखाली बघितलं, तिथे दोन वाक्यं होती, एक ढकलायचं, एक बोलवायचं. त्याच्याच्याने कोणतंच वाचवेना.

"बोल धाकट्या," दादा म्हणाला.

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"श्वास ऐकू येतोय तुझा. बोल."

"तू ओळखलं होतंस?"

"पहिल्याच वेळी. क्षमस्व म्हणालास ना, तेव्हा मला हसू आलं. घरात कधी म्हणाला नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू साहेबासारखा बोलत होतास. म्हटलं, बोलू द्यावं. पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि मला वाटलं, तू पण ओळखलंयस. ओळखून ढकलतोयस, म्हणजे तसंच काही कारण असणार. नियम असेल."

"नाही रे."

"नाही ना? बरं झालं. तुझी वहिनी म्हणत होती, ओळखलं नसेल. मी म्हणत होतो, असेल."

"शुक्रवारी बाराला जागा आहे," तो म्हणाला आणि पुढचं वाक्य घाईने जोडलं, "पण दादा, रांगेत आणखी एक—"

"येतो," दादा म्हणाला.

"आं?"

"येतो. किती वाजता यायचं? उपाशी यायचं का?" दादाचा आवाज कधी नव्हे तो भरभर चालला होता, एकावर एक अक्षर पडत होतं. "काल तू ढकललंस ना, त्यानंतर मी काचा घासल्याच नाहीत. नुसतं चाक लावून बसतो. आवाज असला की हिला वाटतं, काम करतोय. मला भीती वाटते रे. रोज पोटात हात घालून कोणीतरी चाचपतंय असं वाटतं. दुसरं कोणी असेल तर असू दे. ते तुझं तू बघ."

त्याने "हो" म्हटलं. पलीकडून वहिनीचा आवाज आला, "काय म्हणतोय? परत?" आणि दादा म्हणाला, "नाही. ह्या वेळी नाही," आणि फोन ठेवताना हसला की काय झालं ते कळलं नाही. किती वाजता, उपाशी की नाही, गुरुवारी तपासणीला यायचं, यातलं सगळंच सांगायचं राहून गेलं. त्याने शुक्रवार बारासमोर चार-एक-सात लिहिलं. मग रबर घेऊन त्यापुढचे दोन ठिपके खोडले. कागदावर दोन मळकट डाग राहिले, ठिपक्यांहून मोठे. दादा समजूतदार नव्हता. पंचेचाळीस वर्षं कोणी त्याला नीट विचारलंच नव्हतं, हे बरं की ते. मग यादीतल्या बाकीच्या ठिपक्यांचं काय? त्याने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. एकोणसाठ क्रमांकांपुढे होते. एकोणसाठ माणसं चाक लावून बसली होती की काय?

चार वाजता फोन वाजला. त्याने तो कानापासून चार बोटं दूर धरला, रोजची सवय.

"चार-दोन-दोन बोलतेय," बाई म्हणाल्या. आवाज आला नाही असं वाटून त्याने रिसीव्हर जवळ घेतला. "काही झालं का माझं?"

त्याने पहिलं वाक्य वाचलं. सध्याच्या साथीमुळे. पुढील सूचनेपर्यंत. क्षमस्व.

"बरं," बाई म्हणाल्या. "काही हरकत नाही."

पेन्सिल हातात होती आणि हात आपोआप त्यांच्या क्रमांकाकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत त्याने तो दुसऱ्या हाताने धरला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही आज ओरडत नाही आहात."

"नाही."

"ओरडा ना. रोजच्यासारखं. मला जरा… म्हणजे तुम्ही ओरडलात तर मला कळेल."

बाईंनी काहीतरी गिळलं. गिळायला वेळ लागला. "आज नको," त्या जपून, शब्द एका गालाकडून दुसऱ्या गालाकडे नेत म्हणाल्या. "काल रात्रीपासून जीभ हलत नाही नीट. मुलांना पण आज फळ्यावरच लिहून दाखवलं, पडद्यावर. ठेवू का?"

"ठेवा," तो म्हणाला, आणि त्या ठेवेपर्यंत थांबला. त्या पण तो ठेवेपर्यंत थांबल्या असाव्यात.

मग त्याने रबर उचलला आणि डॉक्टरांच्या 'वाढतंय?' पुढचं प्रश्नचिन्ह खोडायला घेतलं. ते शाईचं होतं. कागद फाटला, चिन्ह गेलं नाही. त्याने समोरच्या इमारतीत फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कोणीतरी उचलून सांगितलं, डॉक्टर आत आहेत, दोन तासांनी बाहेर येतील, पण यादीचं असेल तर म्हणालेत, यादीवाल्यांनाच बघू दे. शुक्रवारी बाराला एकच टेबल होतं. चार-एक-सात त्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, पेन्सिलीने, म्हणजे खोडता येईल असं. हे बरं की ते? आधीचं बरं की आत्ताचं? उंच खुर्चीवरून पाय लोंबत होते, भिंतीवरची अक्षरं दोन्ही वेळा सारखीच वाटत होती, आणि समोर लाल डोळ्यांचा कोणीतरी, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, त्याच्या उत्तरासाठी ताटकळत होता. चष्म्यावर वाफ आली. ती त्याने पुसली नाही. न बघता त्याने आकडे दाबले. एका दिवसात ते त्याला पाठ झाले होते. तपासणीची वेळ सांगायची राहिली होती, तेवढ्यासाठीच फोन केला असं म्हणता येईल. किंवा दुसरं काहीतरी म्हणता येईल. काचेखाली दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी होती, आणि वाफेतून कोणतं कुठलं ते दिसत नव्हतं.

पलीकडे फोन उचलला गेला. "बोल धाकट्या," दादा म्हणाला. "थांब, हे बंद करतो आधी."

बटणाचा आवाज आला. चाक पूर्ण थांबायला वीस सेकंद लागतात. तो मोजू लागला.